आगगाडी बंद होती तेव्हाची हवा

हवेविषयी बोलणे तसे अवघड. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि फुकट मिळते म्हणून तिची किंमत कोणी विचारीत नाही. पण २०२० सालच्या उन्हाळ्यात मुंबईकराला ती काही आठवडे चक्क दिसली. दिसली म्हणजे काय, तर तिच्यातून पलीकडचे दिसू लागले. परळच्या उंच इमारतींच्या गच्चीवरून खाडीपलीकडचे डोंगर रेखल्यासारखे उभे राहिले, आणि एरवी दुपारी बाराच्या सुमारास आकाशाला जो मळकट पिवळा रंग चढतो तो चढेनासा झाला. लोक म्हणाले, "बघा, सगळे घरी बसले नि हवा साफ झाली." हे वाक्य खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे काय, ते आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

आधी काय घडले ते आठवून पाहा. २२ मार्च २०२०, रविवार, या दिवशी जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. गिरगावात पाडव्याला जी शोभायात्रा निघते, लेझीम, ढोल, नऊवारी नेसून मोटारसायकलींवर स्वार झालेल्या बायका, त्यातले काहीही त्या वर्षी रस्त्यावर आले नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावर भर सणाच्या सकाळी पाखरांचा आवाज ऐकू येत होता म्हणतात. डबेवाल्यांनी आपले काम मार्च महिन्यातच थांबविले होते. रोज ७५ लाखांच्या वर माणसांची ने-आण करणारी गाडी उभी राहिली, म्हणजे शहराची नाडीच थांबल्यासारखे झाले. लढाया, संप, दंगे, पूर यांत लोकल तास-दोन तास, फार तर दिवस-दोन दिवस अडकली असेल. महिनेच्या महिने ती सामान्य माणसासाठी बंद, असे यापूर्वी कधी घडले नव्हते.

या अवधीत वरून कोणीतरी पाहत होते. युरोपीय अवकाश संस्थेचा 'सेंटिनेल-५पी' नावाचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरत हवेतल्या वायूंची मोजदाद करीत असतो. त्याच्या मोजणीवरून त्या संस्थेने सांगितले की, टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड, आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून पाहता, सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी उतरला. म्हणजे जवळजवळ निम्मा! कोणत्याही कायद्याने, कोणत्याही समितीने, कोणत्याही यंत्राने हे इतक्या थोड्या दिवसांत कधी साधले नव्हते.

आता हा नायट्रोजन डायऑक्साइड म्हणजे काय प्रकरण आहे? हवेत चार पंचमांश नायट्रोजन असतोच, आणि तो बिचारा स्वभावाने अगदी गरीब. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण मोटारीच्या इंजिनात उष्णता फार वाढली की त्याचा आणि ऑक्सिजनचा संयोग होतो आणि त्यातून हा तपकिरी, उग्र वायू तयार होतो. दम्याच्या रोग्याला तो भारी पडतो. लहान मुलांच्या फुप्फुसांना तर विशेष. याचे आयुष्य मात्र थोडे, काही तासांचे. सकाळी निर्माण झाला की संध्याकाळपर्यंत त्याचे दुसरे काहीतरी झालेले असते. त्यामुळे तो फार लांब जात नाही, जिथे धूर तिथेच सापडतो. रहदारीचा ताप मोजावयाचा असेल तर याच्यासारखा थर्मामीटर नाही. रस्त्यावरची वाहने कमी झाली की दुसऱ्या दिवशी पारा उतरलाच म्हणून समजा.

तुम्ही म्हणाल, मग शंका कसली? शंका ऋतूची. मुंबईची हवा सगळ्यांत वाईट असते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. पातेल्यावर ताट ठेवल्यासारखे. चुलीचा, भट्टीचा, मोटारीचा सगळा धूर त्या झाकणाखाली. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते आठवा. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटतात, मंद असतात. मार्च सरता सरता ते जोर धरतात आणि शहराची झाडलोट करू लागतात. पुढे पाऊस येतो आणि फरशी धुऊन काढावी तशी हवा धुऊन काढतो. तेव्हा टाळेबंदी जानेवारीत न येता मार्चअखेर आली, ही गोष्ट विसरून चालणार नाही. फेब्रुवारीची हवा आणि एप्रिलची हवा शेजारी ठेवून जो कोणी "पाहा, केवढा फरक!" म्हणेल, तो वाऱ्याचे श्रेय टाळेबंदीला देतो. म्हणूनच वर मी आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी केलेली तुलना सांगितली. ती तुलना पुष्कळशी न्यायाची आहे.

दुसरी गोष्ट धुळीची. हवेत सूक्ष्म कण असतात, अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान. आपल्या डोक्याचा केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाडीचा, त्यावरून कल्पना करा. हे कण नाकात अडत नाहीत, घशात अडत नाहीत, फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात शिरतात. टाळेबंदीत हेही कमी झाले, पण वायूइतके नव्हे. याचे कारण असे की, त्यांना जन्म देणारे अनेक. मोटारींचा धूर खरा. पण रस्त्यावरची माती, इमारतींची बांधकामे, बेकरीतला लाकूडफाटा, कचऱ्याला लावलेली आग, कारखाने आणि दूरवरून वाऱ्याबरोबर आलेली धूळ, शिवाय समुद्राचे मीठ. माणसे घरी बसली तरी चेंबूर-ट्रॉम्बेकडची वीज आणि तेलशुद्धी बंद ठेवून चालणार नव्हते, आणि स्वयंपाक तर कोणाचाच बंद नव्हता.

आणि तिसरी, जरा चमत्कारिक गोष्ट. ओझोन नावाचा एक वायू आहे. आकाशात उंचावर तो आपला रक्षक, जमिनीलगत मात्र डोळे आणि छाती जाळणारा. मोटारीच्या धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड या ओझोनला खाऊन टाकतो आणि स्वतः नायट्रोजन डायऑक्साइड होतो. टाळेबंदीत खाणारा कमी झाला, तेव्हा जगातल्या पुष्कळ शहरांत ओझोन उतरला नाही, काही ठिकाणी तर उलट वाढला. यावरून धूर बरा असा अर्थ कोणी काढू नये. एक चोर दुसऱ्या चोराला धरतो म्हणून आपण दोघांनाही घरात ठेवून घेत नाही. पण हवेचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा सरळ बेरीज-वजाबाकीचा नसतो, हे ध्यानी यावे म्हणून सांगितले.

रोगाची साथ, माणसांची ये-जा आणि हवा या तिघांचे नाते मुंबईला नवे नाही. सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला, आणि काही महिन्यांत शहरातले जवळजवळ निम्मे लोक गावी पळाले. तेव्हाही स्टेशनांवर गर्दी, बोटींवर गर्दी. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये डॉक्टर हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढे १८९९ मध्ये आली, ती याच प्लेगामुळे. आजही ती संस्था हाफकिन यांचे नाव लावून तिथेच उभी आहे. पण मला सांगावयाचे आहे ते रस्त्यांविषयी. प्लेग कोंदट, सडक्या हवेतून पसरतो अशी त्या वेळी पुष्कळांची समजूत. म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. हेतू हा की, समुद्राचा वारा गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्यांतून थेट आत शिरावा. गंमत पाहा, त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की, प्लेग हवेतून नव्हे, उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे ज्या कारणासाठी रस्ते रुंद केले ते कारणच चुकीचे निघाले! पण वारा मात्र खरोखरच आत आला. आज प्रिन्सेस स्ट्रीटला शामलदास गांधी मार्ग म्हणतात आणि सँडहर्स्ट रोडला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. वाऱ्यासाठी काढलेल्या या रस्त्यांवर सकाळी दहा वाजता उभे राहून पाहा, वाऱ्याला वाट मिळते की मोटारींना.

त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, झाडांच्या रांगा, घरांभोवती मोकळी जागा, हे सगळे प्लेगाचे देणे. पण राहणे दादरला आणि कचेरी फोर्टात, असे झाल्यावर रोजचा प्रवास आला. ट्रामगाड्या १८७४ पासून होत्याच, आधी घोड्यांच्या, १९०७ पासून विजेच्या. दादर टी. टी. या नावातले 'टी. टी.' म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली, १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशी ट्रॉलीबसही निघाली, ती १९७१ मध्ये बंद पडली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती वाटेत मोटारींना अडथळा होते म्हणून गेली, हे विसरू नका. धूर न काढणाऱ्या गाडीने धूर काढणाऱ्या गाडीला वाट करून दिली.

लालबाग-परळची कथा याहून वेगळी. तिथे रोजचा प्रवास असा नव्हताच. गिरणीचा भोंगा झाला की चाळीतून निघावयाचे, डबा हातात, आणि दहा मिनिटांत खात्यात हजर. भोवती सगळी चाळींची वस्ती आणि मध्ये गिरणी. कामगार चालत जाई. धूर चिमणीतून येई. १९१२ मध्येच सरकारला मुंबईत धुराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून धूर केवढा असेल ते समजा. पुढे १९१५ मध्ये टाटांची खोपोलीची वीज आली. सह्याद्रीवर पडलेला पाऊस लोणावळ्याच्या तलावांत साठवून, तो घाटाखाली सोडून त्यावर वीज करावयाची आणि ती गिरण्यांना पुरवावयाची. मुंबईच्या हवेसाठी इतके मोठे काम क्वचितच कोणी केले असेल, आणि ते हवेसाठी केलेही नव्हते! तरीही बॉयलर होते, रंगखाती होती, धूर होताच. केईएम रुग्णालयातले डॉक्टर एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात मुंबईतल्या कमीजास्त दूषित वस्त्यांतले हजारो रहिवासी तपासले. जिथे गंधकाचा धूर अधिक तिथे खोकला अधिक, दम लागणे अधिक, असे त्यांना आढळले.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर चिमण्या गेल्या. हवा सुधारली म्हणावे, तर ज्यांच्यासाठी सुधारावयाची त्यांचेच पोट गेले. आणि गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उठल्या. त्यांत कामाला येणारा माणूस चाळीतून चालत येत नाही. तो कल्याणहून येतो, वसईहून येतो, पनवेलहून येतो. आणि ज्याला परवडते तो मोटारीतून येतो. चिमणीचा धूर निदान शंभर-दीडशे फुटांवर सुटत असे. मोटारीचा धूर तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर सुटतो, म्हणजे बरोबर तीन वर्षांच्या पोराच्या नाकासमोर.

हे सगळे मनात ठेवून आता पुन्हा २०२० च्या जूनकडे या. माझ्या मते खरा धडा एप्रिलच्या स्वच्छ हवेत नाही, तो या जूनमध्ये आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात निर्बंध सैल होऊ लागले. ८ जूनपासून खाजगी कचेऱ्या थोड्या माणसांवर उघडल्या, बेस्टच्या बसगाड्या सर्वांसाठी सुरू झाल्या, पण आसनापुरतीच माणसे आणि उभे फक्त पाच. लोकल १५ जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. डॉक्टर, परिचारिका, पालिकेचे सफाई कामगार. बाकीच्यांनी काय करावे? कचेरी म्हणते या. गाडी म्हणते येऊ नका. डोंबिवली-विरारकडची माणसे पहाटे उठून एस. टी.च्या, बसच्या रांगेत तास तास उभी राहू लागली. ज्याच्यापाशी स्कूटर होती त्याने स्कूटर काढली; ज्याच्यापाशी नव्हती त्याने हप्त्यावर घेण्याचा विचार सुरू केला. जूनच्या अखेरीस पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे विनाकारण जाऊ नये असा हुकूम काढला, हजारो वाहने जप्त झाली, नाक्यानाक्यावर मोटारींच्या रांगा लागल्या, आणि थोड्याच दिवसांत तो हुकूम मागे पडला. दोन किलोमीटर! गिरणगावचा कामगार सबंध आयुष्य या दोन किलोमीटरांत काढीत असे. आजच्या मुंबईकराचे पोट तीस-चाळीस किलोमीटरांवर असते.

जरा गणित करू या. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार हजारांहून अधिक माणसे असतात. चार हजारच धरा. हीच माणसे मोटारसायकलवर, एकीवर दोघे, अशी बसविली तर दोन हजार मोटारसायकली झाल्या. एकीला मागच्यापुढच्या अंतरासह पाच मीटर जागा दिली आणि तीन-तीन शेजारी उभ्या केल्या, तरी रांग सव्वातीन किलोमीटरांची, म्हणजे लालबाग बाजारापासून थेट दादर टी. टी.पर्यंत. मोटारी घेतल्या, आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर पावणेसत्तावीसशेच्या आसपास मोटारी. सहा-सहा मीटरने एकामागे एक लावल्या तर रांग सोळा किलोमीटर, चर्चगेटपासून वांद्र्याच्या पुढे. ही एका गाडीतली माणसे. आणि अशी गाडी सकाळच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी सुटते.

तेव्हा मुंबईची हवा २०२० मध्ये स्वच्छ झाली ती गाडी बंद झाल्यामुळे नव्हे. ती स्वच्छ झाली कारण माणसांचे कामच बंद होते. काम सुरू करून गाडी बंद ठेवली की हवेचे काय होते, हे आपण नंतरच्या महिन्यांत पाहिले. २१ ऑक्टोबर २०२० पासून स्त्रियांना ठराविक वेळांत लोकलची परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना, पण सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. कचेरी दहाला भरणार आणि गाडी बाराला चढू देणार, ही व्यवस्था कोणासाठी होती कोण जाणे! एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत दारे पुन्हा मिटली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना पास मिळू लागला. यावर मी टीका करीत नाही. रोग भयंकर होता. परळच्या रुग्णालयांनी तो कसा सोसला ते सर्वांनी पाहिले. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच बसविली नाही, रक्तदान आणि प्लाझ्मादान केले. त्या काळात लोकलच्या गर्दीला भ्यावे हे स्वाभाविकच. पण भीतीने घेतलेली स्कूटर भीती गेल्यावर कोणी परत देत नाही. २०२२ पर्यंत मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली होती.

आणि धूर कोण गिळतो? काच वर करून, थंड हवेचे यंत्र लावून मोटारीत बसलेला मनुष्य त्यातल्या त्यात सुरक्षित. गिळतो तो बसच्या रांगेतला. हिंदमाताच्या सिग्नलपाशी शिट्टी वाजवणारा हवालदार. दादरच्या फूलबाजारात पहाटे चारपासून बसलेली बाई. गिरगावातल्या तळमजल्याचा दुकानदार, कारण दोन्ही बाजूंना उंच घरे आणि मध्ये अरुंद गल्ली असली की धूर विहिरीत पडल्यासारखा तिथेच फिरत राहतो. आणि टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर गावाकडची माणसे पथारी टाकून असतात; घरचा रोगी आत, आणि ही बाहेर, वाहनांच्या काठाशी. भारतात २००९ पासून नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, सूक्ष्म कणांचीही ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेल्या मर्यादा आहेत अनुक्रमे १० आणि ५. या आकड्यांतले अंतर पदपथावरच्या माणसाच्या छातीत जाऊन भरते.

साथ ओसरल्यावरचे हिवाळे तर तुम्हाला आठवत असतील. २०२२-२३ चा हिवाळा मुंबईला फार वाईट गेला. पॅसिफिक महासागरात लागोपाठ तीन वर्षे राहिलेल्या 'ला निना'मुळे इकडचे वारे मंदावले, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. आणि त्याच वेळी शहरभर बांधकामांचा धुरळा उडत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती पत्रे आणि ओले कापड लावण्याचे नियम केले, मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले. मुद्दा असा की, एकट्या मोटारीला दोष देऊन भागत नाही. तसेच विजेची गाडी म्हणजे गंगाजळ, असेही नाही. आपली बरीचशी वीज आजही कोळसा जाळूनच होते. पण तो कोळसा उंच चिमणीखाली, गाळण्या लावलेल्या एका जागी जळतो. त्याच्यावर नजर ठेवता येते. चाळीस लाख सायलेन्सरांवर कोण नजर ठेवणार?

काही गोष्टी बऱ्याही झाल्या आहेत. काळ्या-पिवळ्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशामुळे २००० नंतर हळूहळू सी. एन. जी.वर आल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत विजेवरची दुमजली बस आली आणि सप्टेंबरात जुनी डिझेलची दुमजली निवृत्त झाली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पुरी झाली. आता गिरगावच्या पोटात स्टेशन आहे, काळबादेवीला आहे, दादरला आहे. गिरगावातली काही जुनी घरे त्यासाठी उठवावी लागली, ते दुःख ज्यांचे त्यांना ठाऊक. पण जी लोकल त्या भागाला किनाऱ्याकडून चर्नी रोडवर सोडीत होती, तिला जोड मिळाली.

बसचे मात्र उलटेच चालले आहे. २०१० च्या सुमारास बेस्टपाशी चार हजारांच्या वर बसगाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. २०१९ च्या जुलैत किमान भाडे पाच रुपये झाले तेव्हा प्रवासी वाढले होते. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. मेट्रोतून उतरलेला माणूस परळच्या रुग्णालयापर्यंत, डिलाइल रोडच्या चाळीपर्यंत, नायगावच्या शाळेपर्यंत जाणार कसा? वीस मिनिटे बसची वाट पाहील, एकविसाव्या मिनिटाला रिक्षा नाही म्हणून टॅक्सी करील, आणि पुढच्या महिन्यात स्कूटरच्या दुकानात जाईल. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा शंभर वर्षांहून जुना पूल पाडण्यासाठी बंद केला, तेव्हा परळ ते प्रभादेवी हे चालत काही मिनिटांचे अंतर वाहनाने किती लांबले ते तिथल्या रहिवाशांना विचारा.

जाता जाता उपयोगाचे दोन शब्द. रस्त्यालगतच्या चाळीत राहत असाल तर हिवाळ्यात सकाळी आठ ते अकरा रस्त्याकडच्या खिडक्या लोटून घ्या आणि दुपारी खारे वारे सुटले की सताड उघडा. मुलांना शिवाजी पार्कवर न्यावयाचे तर हिवाळ्यात पहाटेपेक्षा दुपार कलल्यावर न्या. पहाटेची हवा थंड लागते म्हणून ती स्वच्छ असते असे नाही. साथीच्या दिवसांतला कापडी मुखपट्टा धुळीला थोडाबहुत अडवील, वायूला मुळीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ पासून मुंबईत 'सफर' नावाची हवेची मोजणी चालविली आहे, कुलाबा, माझगाव, वरळी अशा ठिकाणी तिची यंत्रे बसविलेली आहेत. घरात दम्याचे माणूस असेल तर सकाळी पंचांगात राहुकाल पाहता तसा हाही आकडा पाहत जा. आणि तुमच्या नाक्यावरची बस किती वेळाने येते याची आठवडाभर टिपणवही ठेवून ती नगरसेवकाला नेऊन द्या. आकडे लिहून आणलेल्या माणसाला "बघू" म्हणून परत पाठविणे जरा कठीण जाते.